कापणारी विकरे, आवरणारी प्रथिने आणि कॅन्सर

सुपारी किंवा गुटखा वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्या माणसाचे तोंड हळूहळू मिटत जाते. आधी तिखट झोंबू लागते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते. काही वर्षांनी तोंडात तीन बोटे उभी शिरत नाहीत, पुढे दोनही शिरत नाहीत, आणि घास मोडून मोडून घ्यावा लागतो. डॉक्टर या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गालाच्या अस्तराखाली कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन साचत गेल्याने हे होते. निरोगी गालात कोलॅजन बनतही असते आणि कापले जाऊन निघूनही जात असते. सुपारीतली अल्कलॉइड द्रव्ये कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चेतवतात. सुपारीतले तांबे कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बळ देते. त्याच वेळी कोलॅजन कापणारी विकरे मंदावतात आणि त्या विकरांना आवरून धरणारी प्रथिने वाढतात. बनणे चालू राहते, कापणे थांबते, आणि तोंड मिटते.

याच गालात पुढे कॅन्सर झाला तर सगळे उलटे फिरते. कोलॅजन कापणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढते, अस्तराखालचा पातळ आधारपडदा ती तोडून टाकतात, आणि कॅन्सरच्या पेशींना स्नायूत, जबड्याच्या हाडात, मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरायला वाट मिळते. एकाच माणसाच्या एकाच गालात आधी न कापल्याने आजार होतो आणि नंतर अति कापल्याने. प्रथिने कापणारी विकरे आणि त्यांचे निरोधक हा विषय मराठीत का मांडावा, असे मला कोणी विचारले तर मी हाच गाल दाखवीन.

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरात असा गाल शोधायला लांब जावे लागत नाही. पोखरण रस्त्याच्या कडेला, म्हाडाच्या इमारतींच्या तोंडाशी, पोलीस वसाहतीजवळ कुठेही पाच मिनिटे उभे राहिले तरी पुडी फाडणारा हात दिसतो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे; तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ तंबाखू चघळत किंवा दातांना लावत असल्याचे आढळले. खेड्यातल्या बायकांची मिश्री, विदर्भातला खर्रा, कामगारांचा तंबाखू-चुना आणि नाक्यावरच्या मुलांचा मावा हे सगळे त्यात आले. तंबाखू नको म्हणून नुसती सुपारी खाणारे तर स्वतःला सुरक्षित समजतात. ते सुरक्षित नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. जेवणानंतर लहान मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवणाऱ्या प्रत्येक घरात ही गोष्ट पोहोचली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

या बाबतीत महाराष्ट्रात फार मोठे काम झाले आहे आणि ते आपल्याच लोकांना पुरेसे ठाऊक नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दंतवैद्यांनी गावोगाव जाऊन, ओट्यावर बसून, उजेडात तोंडे उघडायला लावून केलेले हे काम. याच गटाने केरळमधल्या सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला, आणि त्यांच्यापैकी ७.६ टक्क्यांना पुढे कॅन्सर झाल्याचे १९८५ मध्ये नोंदवले. आखडलेला गाल आणि कॅन्सर यांच्यामधला धागा असा माणसांच्या मागे वर्षानुवर्षे जाऊन हाती लागला.

आता विकरांकडे वळू. माणसाच्या शरीरात प्रथिने कापणारी साडेपाचशेहून अधिक विकरे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना प्रोटिएज म्हणतात. आपल्या एकूण जनुकांपैकी सुमारे दोन टक्के जनुके केवळ यांच्यासाठी राखलेली आहेत. जठरातले पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन शाळेत शिकवले जाते, त्यामुळे ही विकरे म्हणजे पचन अशी आपली समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात रक्त गोठणे, गोठलेले विरघळणे, जखम भरणे, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्वस्थितीला येणे, नको असलेल्या पेशींनी आपणहून मरणे, यांतले काहीही त्यांच्याविना होत नाही. इन्सुलिनसुद्धा मोठ्या प्रथिनातून कापून काढल्यावरच कामाचे होते.

कापण्याच्या या क्रियेत एक गोष्ट इतर रासायनिक क्रियांहून वेगळी आहे, आणि या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर उभी आहेत. पेशी एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते तेव्हा ते नंतर काढताही येते. कापलेले प्रथिन पेशी पुन्हा जोडत बसत नाही. ते नव्यानेच बनवावे लागते. म्हणून शरीर या विकरांना मोकळे सोडत नाही. बहुतेक विकरे आधी निष्क्रिय रूपात तयार होतात आणि गरजेच्या जागी पोहोचल्यावर त्यांचाच एक तुकडा कापला जाऊन ती जागी होतात. काहींना पेशीतल्या बंद पिशव्यांत कोंडलेले असते. आणि सगळीकडे निरोधक प्रथिने पहाऱ्याला असतात. यकृत रक्तात सोडत असलेले अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे त्यांतले एक. ते जन्मतः कमी असलेल्या माणसाची फुप्फुसे पांढऱ्या पेशींच्या विकरांनी कुरतडली जातात, आणि तरुणपणीच दम लागू लागतो. निरोधक किती महत्त्वाचा आहे हे तो नसल्यावर असे कळते.

कोलॅजन कापणाऱ्या विकराचा शोध बेडकाच्या पिल्लातून लागला. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना पडलेला प्रश्न साधा होता: बेडूकमाशाची शेपटी जाते कुठे? येऊरच्या डबक्यांत पावसाळ्यात आपणही हे पाहतो. पाय फुटतात, आणि शेपटी आखडत आखडत नाहीशी होते. ती गळून पडत नाही. १९६२ मध्ये या दोघांनी शेपटीच्या ऊतीत कोलॅजन कापणारे विकर दाखवून दिले. पुढे अशा विकरांचे आख्खे कूळ सापडले. माणसात ती २३ आहेत, प्रत्येकाच्या कापणाऱ्या जागी जस्ताचा अणू असतो, आणि त्यांना एमएमपी म्हणतात. त्यांना आवरणारी टिम्प नावाची चार प्रथिने आहेत. वर सांगितलेल्या आखडलेल्या गालात वाढतात ती ही टिम्प.

१९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या लान्स लिओटा यांनी उंदरांच्या ट्यूमरवरचे काम प्रसिद्ध केले. ज्या ट्यूमर आधारपडद्यातले कोलॅजन जास्त कापत, त्या जास्त पसरत. कॅन्सरने माणूस मरतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीने नव्हे, पसरण्याने. पसरायचे तर कापावे लागते. मग कापणे थांबवले तर? ही कल्पना इतकी सरळ होती की पुढची २० वर्षे औषध कंपन्या तिच्यामागे धावल्या. मला त्यांचा दोष वाटत नाही. त्या काळी हातात असलेल्या पुराव्यावरून मीही हेच म्हटले असते.

ब्रिटिश बायोटेक या कंपनीने आधी बॅटिमास्टॅट आणि मग तोंडाने घेता येणारे मारिमास्टॅट आणले. जस्ताच्या अणूला चिकटून ही औषधे एमएमपी कुळातली बरीच विकरे एकदम बंद पाडत. उंदरांत निकाल उत्तम आले. माणसांत रुग्णांचे खांदे आणि हातांचे सांधे दुखू लागले, आखडू लागले, इतके की मात्रा कमी करावी लागली. आणि ट्यूमर थांबेनात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मारिमास्टॅट नेहमीच्या औषधापेक्षा सरस ठरले नाही. बायर कंपनीच्या टॅनोमास्टॅटची चाचणी १९९९ मध्ये थांबवावी लागली, कारण फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये ते घेणाऱ्यांची प्रकृती औषधाविना असलेल्यांपेक्षाही लवकर खालावत होती. २००२ मध्ये लिसा कूसेन्स, बार्बरा फिंगल्टन आणि लिन मॅट्रिशियन यांनी सायन्स नियतकालिकात या सगळ्या चाचण्यांचा पंचनामा मांडला. हा विषय शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचायला हवा.

काय चुकले होते? एक तर औषध दिले गेले ते कॅन्सर आधीच पसरलेल्या माणसांना, म्हणजे वाट कापून झाल्यावर. दुसरे, ही विकरे कॅन्सरच्या पेशी स्वतः फारशी बनवतच नाहीत. बऱ्याचदा त्या शेजारच्या साध्या, निरोगी पेशींकडून ती बनवून घेतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे १९९० मध्येच दाखवले होते. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. कापणारे प्रत्येक विकर कॅन्सरच्या बाजूचे नसते. स्पेनमधल्या कार्लोस लोपेझ-ओटिन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये एमएमपी-८ नसलेले उंदीर पाहिले, तेव्हा त्यांच्यातल्या नरांना त्वचेच्या गाठी अधिक झाल्या. म्हणजे हे विकर रक्षण करत होते. मारिमास्टॅटसारखे औषध मित्र आणि शत्रू दोघांचेही हात एकाच दोरीने बांधत होते.

निरोधकांचेही तसेच. पीएआय-१ नावाचे प्रथिन युरोकायनेज या कापणाऱ्या विकराला आवरते. स्तनाच्या गाठीत ते जास्त सापडले तर आपण म्हणू, बरे झाले, पहारा कडक आहे. पण ज्यांच्या गाठीत पीएआय-१ जास्त, त्यांचा आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. हे प्रथिन पेशीला तिच्या जागेवरून सुटायला आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही मदत करते. नाव निरोधकाचे, काम भलतेच.

एक विकर अडवले की सजीव दुसऱ्याने काम भागवतो, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी कॅन्सरशी संबंध नसलेल्या जागी, हरभऱ्याच्या शेतात, स्वच्छ दाखवले आहे. हरभऱ्याच्या दाण्यात अळीचे पचन बिघडवणारे निरोधक असतात. तरी घाटेअळी घाटे फस्त करतेच. अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे कारण आहे: अळीच्या आतड्यातली विकरे हरभऱ्याचे निरोधकच कापून टाकतात. तिच्याजवळ विकरांचे अनेक प्रकार असतात. एक बंद झाले तर दुसरे पुढे येते. या पुस्तकात शेतीवरचे प्रकरण का आहे, असे कोणाला वाटले तर त्याचे उत्तर इथे आहे. घाटेअळी समजलेल्या वाचकाला मारिमास्टॅटचे अपयश समजावून सांगावे लागत नाही.

तोंडाच्या कॅन्सरकडे पुन्हा येऊ, कारण विषयाचा गाभा तिथेच आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर, आणि आपल्याकडे तो बहुधा गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, पुडी धरायच्या जागी होतो. या कॅन्सरच्या जनुकांचा पहिला मोठा नकाशा खारघरचे अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून तयार केला, आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राजीव सरीन आणि पार्थ मजुमदार हे त्यातले प्रमुख. ठाण्याहून पनवेल लोकलने जाता येईल अशा ठिकाणी हे काम झाले. अॅक्ट्रेकचे मूळ परळला १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथले पहिले संचालक होते, आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली.

त्या नकाशात वारंवार बिघडलेली म्हणून दहा जनुके पुढे आली. पाच आधी माहीत होती, पाच नवी. त्या दहांतली दोन प्रथिने कापणाऱ्या विकरांची आहेत. कॅस्पेज-८ हे पेशीला बाहेरून मरण्याचा संदेश आला की आतली प्रथिने कापायला सुरुवात करते. ते बिघडले की पेशी संदेश ऐकूनही मरत नाही. दुसरे यूएसपी९एक्स. पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण जोडलेली असते. हे विकर ती खूण कापून काढते आणि प्रथिनाला वाचवते. दोन्ही ठिकाणी कॅन्सर वाढला तो कापणे बिघडल्याने. आपल्याच भागातल्या रुग्णांच्या गालातून आलेली ही माहिती आहे, आणि ती ‘कापणे वाईट’ या जुन्या समजुतीच्या थेट विरोधात जाते.

यादीतले तिसरे एक जनुक म्हणजे नॉच-१. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते, आणि दोन वेळा कापले गेल्यावरच त्याचा तुकडा केंद्रकात जाऊन काम करतो. शेवटचा काप गॅमा-सिक्रिटेज घालते. तोंडाच्या आणि त्वचेच्या अस्तरात नॉच-१ पेशींना शिस्तीत ठेवते. इथे औषधांच्या इतिहासातली एक दुःखद घटना आठवते. अल्झायमरच्या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइडही गॅमा-सिक्रिटेजच कापून तयार करते, म्हणून ते अडवणारे सेमागॅसेस्टॅट नावाचे औषध हजारो रुग्णांना देण्यात आले. २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली. स्मरण सुधारले नाहीच, उलट खालावले, आणि औषध घेणाऱ्यांत त्वचेचे कॅन्सर वाढले. हेच विकर अडवणारे निरोगॅसेस्टॅट मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत डेस्मॉइड ट्यूमरसाठी मान्य झाले. डेस्मॉइड ही संयोजी ऊतीची गाठ. ती शरीरभर पसरत नाही, पण जवळच्या भागांत घुसून फार छळते. तिथे नॉचचा संदेश गाठीला पोसतो, म्हणून तो तोडणे उपयोगी. विकर एक, काप एक. त्वचेत तो हवा, डेस्मॉइडमध्ये नको. कुठले विकर, कुठल्या ऊतीत, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, एवढे सांगितल्याशिवाय ‘निरोधक द्यावा की नाही’ या प्रश्नाला उत्तरच नाही. मला या पुस्तकात जे म्हणायचे आहे ते हेच, आणि प्रत्येक प्रकरणात ते वेगळ्या पुराव्यासह येईल.

निरोधकांनी कॅन्सरमध्ये खरे यश मिळवले ते प्रोटिएझोममध्ये. पेशीतली खूण लावलेली प्रथिने या पिंपासारख्या संचात ओढली जातात आणि तुकडे होऊन बाहेर पडतात. खूण लावण्याच्या या यंत्रणेसाठी आरॉन सिकानोवर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी १९९३ मध्ये मायोजेनिक्स नावाची छोटी कंपनी काढली होती. त्यांना कॅन्सर बरा करायचा नव्हता. आजारी माणसाचे स्नायू झिजतात ते थांबवायचे होते, आणि त्यासाठी प्रोटिएझोम अडवायचा होता. रसायनशास्त्रज्ञ ज्युलियन अॅडम्स यांच्या गटाने बोरॉनचा एक अणू असलेले रेणू तयार केले. तो बोरॉन प्रोटिएझोममधल्या कापणाऱ्या जागी घट्ट बसतो. हेच बोर्टेझोमिब. माणसांवरच्या पहिल्याच चाचणीत मल्टिपल मायलोमा असलेल्या एका रुग्णाचा आजार पूर्ण ओसरला, आणि औषधाची दिशा बदलली. मे २००३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मायलोमातच ते इतके का लागू पडले, याचे उत्तर त्या पेशीच्या धंद्यात आहे. मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, आणि प्लाझ्मा पेशीचे कामच अँटिबॉडी नावाची प्रथिने अखंड बनवत राहणे. इतकी प्रथिने बनतात तेव्हा चुकीची घडी पडलेलीही खूप निघतात. कापणे थांबले की हा कचरा आत साचतो, आणि पेशी त्याखाली मरते. इतर पेशी एवढे बनवतच नाहीत, म्हणून त्या बऱ्याचशा निभावतात. बऱ्याचशा, सगळ्या नव्हेत. नसांना त्रास होतो, पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. आपल्याकडे आता भारतीय कंपन्यांचे बोर्टेझोमिब मिळते, पोटाच्या कातडीखाली त्याची सुई देतात, आणि दर आठवड्याला ती घेऊन घरी परतणारी माणसे ठाणे-डोंबिवलीतही आहेत. त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: ग्रीन टीमधले एक द्रव्य बोर्टेझोमिबच्या बोरॉनला धरून त्याला निकामी करते, असे प्रयोगशाळेत २००९ मध्ये दिसले आहे. तब्येतीसाठी म्हणून कोणी ग्रीन टी किंवा तिचा अर्क आणून दिला, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

वाचकांपैकी अनेकांनी या विषयाची एक चाचणी स्वतःच्या नकळत करून घेतलेली असेल. साठीनंतरच्या पुरुषांची पीएसए तपासणी होते. पीएसए हे प्रोस्टेटमधले प्रथिन कापणारे विकर आहे. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. रक्तात ते उतरते तेव्हा बहुतेक भाग एका निरोधकाला बांधलेला असतो आणि थोडा सुटा. रिपोर्टवर ‘फ्री पीएसए’ असे लिहून येते ते या सुट्या भागाचे प्रमाण. कॅन्सरमध्ये ते साधारणपणे कमी निघते.

एका गोष्टीबद्दल मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. ठाणे हे विकरांच्या उद्योगाचे शहर आहे; अॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या मोठ्या भारतीय कंपनीचे मुख्यालय इथेच, लुईसवाडीत आहे. ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून दिली जाणारी ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची गोळी कुठल्याही केमिस्टकडे मिळते. आखडलेल्या गालात कायमोट्रिप्सिनचे इंजेक्शन देण्याची पद्धतही आपल्या दंतवैद्यांनी वापरली आहे. तिने तोंड थोडे उघडते, पण सुपारी सुटल्याशिवाय आणि तोंडाचे व्यायाम केल्याशिवाय ते टिकत नाही, आणि कॅन्सरचा धोका तर राहतोच. या सगळ्या वापरांवरून एक पाऊल पुढे जाऊन ‘विकरे कॅन्सर खाऊन टाकतात’ असे सांगणारे भेटतात. ही कल्पना नवी नाही. एडिंबरातले जॉन बिअर्ड यांनी १९११ मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये स्वादुपिंडाची विकरे आणि खास आहार देणारी एक पद्धत अमेरिकेत नेहमीच्या केमोथेरपीशेजारी ठेवून पाहिली गेली. रुग्णांनी उपचार स्वतः निवडला होता, म्हणून ती तुलना पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही. पण २००९ मध्ये आलेल्या निकालात केमोथेरपी घेणारे सरासरी १४ महिने जगले आणि विकरे घेणारे ४.३ महिने. हा फरक इतका मोठा आहे की केमोथेरपी सोडून विकरांच्या गोळ्यांवर बसलेल्या माणसाच्या घरच्यांना तो कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. मी तो इथे सांगून ठेवते.

निरोधकांच्या बाजूनेही अशी आशा होती. सोयाबीनमधला एक निरोधक डोनाल्ड बाउमन यांनी १९४६ मध्ये ओळखला, आणि येहुदित बर्क यांनी पुढे तो शुद्ध केला. जनावरांत त्याने अनेक प्रकारचे कॅन्सर रोखले. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ल्युकोप्लेकियावर, तो देऊन पाहण्यात आला. मराठवाडा-विदर्भात मैलोगणती सोयाबीन पिकते आणि ल्युकोप्लेकियाही आपल्याकडे भरपूर. तो लागू पडला असता तर केवढे झाले असते! २०१३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत खऱ्या औषधाचा आणि नुसत्या गोळीचा परिणाम सारखाच निघाला. हा निकाल वाचून वाईट वाटते. तरी तो छापला गेला, लपवला गेला नाही, म्हणूनच पुढच्या संशोधकांचे श्रम वाचले.

पुस्तकाच्या शेवटच्या भागातली औषधे कापण्याला अडवत नाहीत, त्याचा उपयोग करून घेतात. काही नव्या औषधांत विष एका अँटिबॉडीला छोट्या दुव्याने जोडलेले असते, आणि तो दुवा कॅन्सरच्या पेशीत शिरल्यावर तिथल्याच कॅथेप्सिन विकरांनी कापला जाईल असा बेतलेला असतो. २०११ मध्ये मान्य झालेले ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन आणि आता स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरले जाणारे ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन ही त्यांची उदाहरणे. रक्तातून फिरताना विष बांधलेले राहते, पेशीच्या आत सुटते. या औषधांच्या किमती आज आपल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि त्यावरही मी तिथे लिहिले आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचायचा हट्ट कोणी धरू नये. घरात मायलोमाचा रुग्ण असेल तर प्रोटिएझोमचे प्रकरण आधी वाचावे. ते स्वतंत्रपणे समजेल असे लिहिले आहे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आखडलेल्या गालाचे प्रकरण आणि त्यापुढचे जनुकांचे प्रकरण एकत्र वाचावे. शेतीकडे ओढा असलेल्यांनी घाटेअळीपासून सुरुवात केली तरी चालेल. रेणूंच्या आकृत्या बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र शिकलेल्याला उमगतील एवढ्याच ठेवल्या आहेत, आणि आकृती सोडून पुढे गेले तरी मजकूर अडणार नाही.

वर्तकनगर, ठाणे